नऊ काड्या आणि एम-वन

ख्रिसमसची सुट्टी लागली आणि लेक शाळेतून येताना हातात एक प्लास्टिकचा डबा घेऊन आली, "बाबा, या सुट्टीत आपला नंबर आहे!" मला वाटलं केक असेल. उघडून बघतो तर ब्लॅकबेरीच्या काटेरी फांद्या. अगं हा रिकामा आहे म्हणालो, तर म्हणे नीट बघ, नऊ आहेत. आणि तेवढ्यात एक काडी चालायला लागली.

इथे इंग्लंडमध्ये शाळांत हे काडीकिडे पाळतात, आणि मूळचे ते आपल्याकडचेच बरं का, तमिळनाडूतल्या पलनीच्या डोंगरातले. शास्त्रीय नाव मिळालं 1901 ला, म्हणजे आमच्या व्हिसाच्या भानगडीच्या कितीतरी आधी मंडळी सेटल. बहुतेक सगळ्या बायकाच. नर सापडलाच तर नवल, त्याच्यावाचून अंडी घालतात, हे मी मोठ्याने वाचल्यावर बायकोने माझ्याकडे कसं बघितलं ते जाऊ दे.

प्रॉब्लेम असा की आम्ही चाललो होतो लेस्टरला ताईकडे, स्लाउवरून, ऐन ट्रॅफिकमध्ये. बाईंनी सूचनांचा कागद दिलेला. डबा हवाबंद नको, खाली ओला किचन पेपर, फांदी टेपने चिकटवा नाहीतर ब्रेक मारला की ती लोळते आणि हे खाली चिरडतात, धरून ओढू नका पाय सुटून हातात येतो (येतो म्हणजे खरंच येतो, लहान असेल तर परत उगवतो म्हणे), आणि हीटरसमोर अजिबात नको. त्यामुळे बाहेर 3 डिग्री आणि गाडीत आम्ही चौघं टोप्या घालून. आई सहा महिन्यांसाठी सांगलीहून आलेली, डबा तिच्या मांडीवर. "अरे, खराट्याबरोबर असल्या किती झाडून टाकल्या असतील मी," असं ती वॉटफर्डपर्यंत म्हणत होती.

एम-वन हायवेवरच्या टॉडिंग्टन सर्व्हिसेस या थांब्यावर थांबलो, म्हटलं पेपर सुकला असेल, बदलून टाकू. झाकण काढलं, मोजले. आठ. परत मोजले, सात. आता जो प्राणी काडी दिसण्याशिवाय आयुष्यात दुसरं काहीच करत नाही तो काड्यांत मोजायचा कसा, आणि तेही दिवसा, जेव्हा हे पुढचे पाय ताणून मढ्यासारखे पडून असतात! लेक रडायला लागली. मी सीटखाली मोबाईलचा टॉर्च मारला, मॅट काढले, बायकोने आईची शाल झटकली, आईने माझी टोपी झटकली, शेजारच्या गाडीतला माणूस काही हरवलंय का विचारायला आला, त्याला काय सांगणार, काडी? अर्ध्या तासाने लेक म्हणाली, बाबा, तुझ्या डाव्या हातात काय आहे. झाकण होतं. आतल्या बाजूला दोघी उलट्या लटकून निवांत.

घाईघाईत नवा पेपर घातला, जुन्याचा बोळा पिशवीत कोंबून डिकीत फेकला आणि निघालो. जानेवारीत नऊच्या नऊ परत केल्या, पाय मोजून, चोपन्न. बाई खूश. कागदाची मागची बाजू मी तेव्हा वाचली, की खाली पडणारं सगळं शी नसतं, मोहरीएवढं तपकिरी आणि टोकाला पिवळं टोपण असेल तर ते अंडं, आणि टाकायच्या आधी फ्रीजरमध्ये ठेवा. आमच्या फ्रीजरमध्ये ओल्या नारळाचा कीस असतो त्यामुळे बायको म्हणाली बरं झालं नाही वाचलंस. डिकीतल्या पिशवीची आठवण दोघांनाही झाली नाही.

आई मार्चमध्ये सांगलीला गेली. एप्रिलच्या शेवटी मी ऑफिसला निघालो होतो, लेकीला शाळेत सोडून पुढे, तर सीटबेल्टवर एक धागा निघालेला दिसला म्हणून ओढायला गेलो.

"बाबा, ओढू नकोस," मागून आवाज आला. "पाय तुटेल."