टॉर्च आहे का हो?

नवी मुंबईत रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी मेंटेनन्स बघतो आणि पँटच्या उजव्या खिशात टॉर्च बाळगतो. पहिली गोष्ट अपॉइंटमेंट लेटरमध्ये आहे, दुसरी नाही. पण कंपनीत मला ओळखतात ते दुसरीवरूनच.

एकदा का खिशात टॉर्च असल्याचं लोकांना कळलं, की सातबाऱ्यावर नाव चढावं तसा इमारतीतला सगळा अंधार आपल्या नावावर चढतो. कॅन्टीनच्या मावशींच्या शेगडीखाली झुरळ गेलं, बोलवा यांना. पंप ट्रिप झाला तर वायरमन चालतो, झुरळाला मात्र साहेबच लागतात.

अकाउंट्सच्या मॅडमचं कानातलं पडलं तेव्हा मी त्यांच्या टेबलाखाली आडवा झालो होतो. वायरींच्या जंजाळात पेनांची टोपणं निघाली, पार्ले-जीचा कागद निघाला, एक वाळलेली पाल निघाली आणि ज्याच्यावरून ऑडिटच्या वेळी दोन डिपार्टमेंटांत जुंपली होती तो पंचही निघाला. माझी मान अवघडली. शेवटी मॅडम "राहू द्या हो आता" म्हणत उठल्या आणि कानातलं त्यांच्या ओढणीतून टपकन खाली पडलं. "अगंबाई, इथेच होतं की!" पंच त्यांनी ठेवून घेतला.

आता, "फोनला असतोच की टॉर्च, वेगळा कशाला?" असं विचारणारा रोज एक तरी भेटतो. त्याने कधी विजेचं पॅनल उघडलेलं नसतं. पॅनलमध्ये दोन्ही हात गुंतलेले असतात. फोन शर्टाच्या खिशात उभा ठेवला तर आपली हनुवटी उजळते, टर्मिनल नाही. हेल्परच्या हातात दिला तर उजेड त्याला जिथे बघायचंय तिथे पडतो, आणि त्याला बहुतेक वेळा दाराकडे बघायचं असतं. शिवाय ऐन वेळी फोन वाजतो. तो उजेडासकट कानाला लावतो आणि म्हणतो, "हां आई, पॅनलमध्ये आहे, बोल."

म्हणून टॉर्च दातांत धरायचा. हे वायरमन लोकांचं जुनं कसब. पण दातांत धरायची वस्तू कुणाला उसनी देऊ नये, हे मात्र कुणी शिकवत नाही. परवा मोटरचं कनेक्शन बघताना टॉर्च चांगला पाच मिनिटं माझ्या तोंडात होता. बाहेर आल्यावर हाउसकीपिंगचा मामा कौतुकाने म्हणाला, "लय भारी बॅटरी साहेब. सकाळी गटाराचा आख्खा चेंबर दिसला."

माझा आधीचा टॉर्च एका पेन्सिल सेलवर चालायचा. तो उसना जायचा आणि हलका होऊन परत यायचा. आतला सेल गायब. त्याच दिवशी कॅन्टीनमधलं गणपतीपासून बंद पडलेलं घड्याळ चालू झालेलं असायचं. असं दोनतीनदा झाल्यावर मी 18650 सेलचा टॉर्च घेतला. 18 मिलिमीटर जाड, 65 मिलिमीटर लांब, पुन्हा चार्ज होणारा लिथियम सेल. लोक टॉर्च घेताना झोत किती लांब जातो ते बघतात. मी सेल घड्याळात बसत नाही एवढंच बघितलं.

नाही म्हणायला रंगही बघितला. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. निळ्या चिपवर पिवळा फॉस्फर चढवतात, की डोळ्याला पांढरं दिसतं. या निळ्या एलईडीसाठी 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना. पण स्वस्तातल्या टॉर्चच्या या पांढऱ्यात लाल फार कमी असतो, त्यामुळे लाल वायर मातकट दिसते. आमच्याकडे हा नुसता सौंदर्याचा प्रश्न नाही. जुन्या देशी पॅनलमध्ये लाल, पिवळा, निळा हे तीन फेज, म्हणजे करंटच्या वायरी, आणि काळा न्यूट्रल, म्हणजे परतीची. शेजारीच युरोपातून आलेलं मशीन. त्यात तपकिरी, काळा, करडा हे फेज आणि निळा न्यूट्रल. म्हणजे इकडचा न्यूट्रल तिकडे फेज आणि तिकडचा न्यूट्रल इकडे फेज. त्यात लाल की तपकिरी हे कळेना झालं तर वायरिंग कुठल्या देशाचं तेही कळत नाही. टेस्टर लावल्याशिवाय हात घालायचा नाही हे खरंच, पण निदान टेस्टर कुठे लावायचा ते तरी दिसावं. म्हणून मी सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, नव्वदच्या वर असलेला टॉर्च घेतला. जास्तीचे पैसे कशाचे, असं घरी विचारलं गेलं. "लाल रंगाचे," म्हटल्यावर घरात थोडा वेळ शांतता होती.

टॉर्चचा खरा जाच लोकलमध्ये. ठाण्याच्या ट्रान्सहार्बर लाइनला संध्याकाळी ऐरोलीनंतर हात खाली न्यायलाही जागा नसते. कुणाची तरी बॅग बरोब्बर बटणावर दाबली जाते. आधी मांडीला ऊब लागते, मग शेजारचा हळूच म्हणतो, "भाऊ, खिशात काहीतरी पेटलंय." सुती पँटमधून चांगला लख्ख उजेड येत असतो. कसाबसा हात घालून बटण दाबावं तर टॉर्च बंद होण्याऐवजी मध्यम होतो, मग प्रखर, मग लुकलुकायला लागतो. हा लुकलुकण्याचा प्रकार ज्याने टॉर्चमध्ये घातला त्याला एकदा सहा वाजून दहाच्या ठाणे गाडीत उभं करायला हवं. शेपटाचं झाकण पाव फेरा सैल केलं की सर्किट तुटतं आणि टॉर्च गप्प बसतो, हा त्यावर खात्रीचा उपाय. पण तो करायला दोन हात लागतात, आणि एक वरच्या कडीला असतो.

एवढं सोसलं ते कशासाठी? एक ना एक दिवस मोठा अंधार होईल, सगळे चाचपडतील आणि मी शांतपणे खिशात हात घालीन, यासाठी. तो दिवस 12 ऑक्टोबर 2020 ला आलाही. कळवा-पडघा बाजूच्या 400 केव्हीच्या लाइनी ट्रिप झाल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई एका झटक्यात बंद. लोकल जागच्या जागी उभ्या. पण वेळ सकाळी दहाची! ऑक्टोबरचं ऊन, शेडच्या छतातल्या पारदर्शक पत्र्यांतून प्रकाश नुसता ओतत होता. मी खिशावर हात ठेवून उभा. एक जण लगबगीने माझ्याकडे आला. त्याला वारा घ्यायला पुठ्ठा हवा होता.

मध्यंतरी कंटाळून मी प्रत्येक शिफ्टसाठी एक टॉर्च द्या म्हणून इंडेंट टाकला. परचेसने नेहमीप्रमाणे सगळ्यात स्वस्त कोटेशन उचललं. खोक्यावर छापलेलं, "10000 लुमेन". लुमेन म्हणजे उजेडाचं माप. घरातला 9 वॅटचा एलईडी बल्ब साधारण 900 लुमेन देतो. म्हणजे असे अकरा बल्ब मुठीत, शंभरेक वॅट. आत तोच एक सेल, त्यात ऊर्जा फार तर अकरा-बारा वॅट-तास. खोक्यावरचं खरं असतं तर टॉर्च सात मिनिटांत संपला असता आणि तेवढ्यात हातही भाजला असता. हे सगळं मी परचेसवाल्यांना कागदावर मांडून दाखवलं. ते म्हणाले, "पण साहेब, शिट्टी फ्री आहे."

महिन्याभरात त्यातला एकच उरला, सिक्युरिटीच्या केबिनमधला. रात्री ब्रेकडाउनला आलो की गेटवरचे मामा तो थेट माझ्या डोळ्यांवर मारतात, नीट निरखतात आणि मग सलाम ठोकतात, "साहेब होय! या, या." नंतर पॅनल रूमपर्यंत मला हिरवे-जांभळे ठिपके सोडून काही दिसत नाही. काल म्हटलं, "मामा, जरा खाली धरा की." तर टॉर्च मायेने बाहीला पुसत म्हणाले, "दहा हजारचा हाये साहेब. दिसनारच."