तपासणी हवी, पण ती वर्गात व्हावी

शिक्षकांना शाळा तपासणी नको असते, हा समज समाजात घट्ट बसला आहे आणि तो आपणच बसू दिला आहे. मला स्वतःला तपासणी हवी आहे. जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवताना आपले कुठे चुकते आहे, हे सांगणारे जाणते माणूस सहसा भेटत नाही आणि भेटले तर त्याचा उपयोगच होतो. माझी तक्रार एवढीच आहे, की आमच्याकडची तपासणी वर्गाच्या दारापर्यंत येते आणि तिथून कार्यालयातल्या कपाटाकडे वळते.

महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारने शिक्षणाची पाहणी करण्यासाठी नेमलेल्या हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळांवरची देखरेख सदोष आणि अपुरी असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. डेप्युटी इन्स्पेक्टरने वर्षातून एकदा शाळेत येऊन जाण्याने फारसे काही साधत नाही, दर तिमाहीला तरी तपासणी व्हावी आणि त्याशिवायही आगाऊ सूचना न देता शाळांना भेटी द्याव्यात, अशी त्यांची सूचना होती. शिक्षकांच्या मेळाव्यांत मी फुल्यांची अनेक वचने ऐकली. हा उतारा मात्र कोणी वाचून दाखवल्याचे मला आठवत नाही.

आज भेटी कमी होतात असेही नाही. पण बहुतेक वेळा आदल्या संध्याकाळीच व्हॉट्सॲपच्या गटावर निरोप येतो आणि दुसऱ्या दिवशी शिकवणे बाजूला राहून टाचणवही (पाठाच्या पूर्वतयारीची वही), कॅशबुक, शाळा व्यवस्थापन समितीचे इतिवृत्त, पोषण आहाराची चव नोंदवही असे सगळे टेबलावर मांडले जाते. हिशेब तपासलाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही; तांदूळ आणि पैसा सार्वजनिक आहे. मात्र त्यातच दोन तास गेल्यावर वर्गाच्या वाट्याला पाच मिनिटे उरतात आणि त्या पाच मिनिटांत एखाद्या हुशार मुलाला सतराचा पाढा म्हणायला सांगून गुणवत्तेचा निकाल लावला जातो.

पूर्वी आमच्याकडे शाळा तपासायला येणारे शिक्षण विभागाचे एक विस्तार अधिकारी होते. ते मुलांच्या शेजारी सतरंजीवर बसून वह्या चाळत. तिसरीच्या एका मुलीने ५२ मधून २७ वजा करून ३५ उत्तर लिहिले होते. त्यांनी तिला 'चुकले' असे न सांगता 'कसे केलेस?' असे विचारले, तेव्हा कळले की ती दोन्ही स्थानांवर मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत होती. मग त्यांनी माझ्याकडून काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे मागवले, एक गठ्ठा तिलाच सोडायला लावला आणि पुढच्या भेटीत वर्गात येताच आधी तिचीच वही मागितली. त्या दिवशी त्यांनी माझे टाचण पाहिले की नाही, मला आठवत नाही. मला अभिप्रेत असलेली तपासणी ती हीच, आणि तिच्यात पुढची भेट पहिल्या भेटीइतकीच महत्त्वाची आहे.

धोरणांच्या पातळीवर आपण याच्या उलट दिशेने चाललो आहोत. शाळांच्या मूल्यमापनाच्या आधीच्या 'शाळासिद्धी' कार्यक्रमात सात क्षेत्रे आणि ४६ मानके होती. आता शाळा गुणवत्ता मूल्यांकन व आश्वासन आराखड्यात, म्हणजे आपल्या 'स्क्वाफ'मध्ये, १२८ मानके आहेत. शाळेने आधी स्वतःचे मूल्यमापन करावे, ही कल्पना उत्तमच आहे. पण प्रत्येक मानकासाठी पुरावा अपलोड करायचा म्हटले, की जे फोटोत दिसते तेच मोजले जाते. ग्रंथालयाचा फोटो काढता येतो. मूल पुस्तक घरी नेते का आणि नेले तर वाचते का, हे फोटोत येत नाही. शिवाय एखाद्या मानकात आपल्या शाळेचा खालचा स्तर प्रामाणिकपणे नोंदवला, तर मदत येण्याऐवजी खुलासा मागवला जाईल, अशी भीती सर्वांनाच असते, त्यामुळे बहुतेकांचा कल वरचा स्तर नोंदवण्याकडे राहतो. शिक्षण हक्क कायद्यानुसार ६० पटापर्यंत दोन शिक्षक मिळतात, वर्ग मात्र चार. त्यातला एक शिक्षक मुख्याध्यापकाचा कार्यभार सांभाळत ऑनलाइन माहितीच्या लिंक भरत बसला, की चारही वर्ग दुसऱ्याच्या अंगावर पडतात आणि त्या दिवशी अध्ययन निष्पत्तीचे, म्हणजे मुलांना जे यायला हवे त्याचे, काय होते, हे वेगळे सांगायला नको.

केंद्रप्रमुख हे पद खरे तर या सगळ्यावरचा उपाय होता. साधारण दहा शाळांमागे एक अनुभवी शिक्षक, ज्याने फिरावे, पाहावे आणि शिकवून दाखवावे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी ही पदे रिक्त राहिली, एकेकाकडे दोन-दोन केंद्रांचा कार्यभार आला आणि ते बिचारे माहिती गोळा करून तालुक्याला पाठवणारे टपाल कार्यालय होऊन बसले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

मला सर्वांत खटकते ते शेरेबुक. त्यात लिहिलेला प्रत्येक शेरा शाळेला उद्देशून असतो: वाचन सराव वाढवावा, पट टिकवावा, परिसर स्वच्छ ठेवावा. आम्ही अनुपालन अहवालही देतो. पण छत गळते, शिक्षकाचे पद रिक्त आहे, वीजबिल थकल्याने जोडणी तोडली आहे, या गोष्टी पाहून गेलेल्या अधिकाऱ्याने स्वतः काय करायचे, याचा रकाना त्या पानावर नसतो. सुधारणेचे धोरण आखणाऱ्यांनी पहिल्यांदा हा एक रकाना वाढवावा: कार्यालयाने करावयाची कामे, कोणत्या तारखेपर्यंत, आणि खाली शिक्षकाच्या सहीशेजारी अधिकाऱ्याची सही.