खुलासा : ‘युद्धाच्या ताणावर सिगारेट आणि दोन पेग’

‘युद्धाच्या ताणात सगळेच प्यायला लागतात, सिगारेट आणि दोन पेग हेच औषध, म्हणून तर सैन्यात वाटायचे’ असा मेसेज फिरतोय. मागच्या आठवड्यात मीही तो पुढे ढकलला होता. चूक झाली.

वाटायचे, हे खरं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या शिध्यात सिगारेटी असत. १९७५मध्ये त्या बंद झाल्या. ब्रिटिश नौदलाची रोजची रम ३१ जुलै १९७० रोजी थांबली. पण वाटलं म्हणजे औषध ठरत नाही.

झुरका घेतल्यावर हायसं वाटतं ते बहुतांशी आधीच्या सिगारेटची तलफ भागल्यामुळे. निकोटीन साधारण दोन तासांत रक्तात निम्मं होतं आणि पुन्हा चुळबुळ सुरू होते. माणूस तिलाच बातम्यांची भीती समजतो. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप तुटते. पहाटे तीनला छाती धडधडत जाग येते, हात आपोआप फोनकडे जातो, पुढे बातम्या आहेतच.

आणि ‘सगळेच’? २००१च्या न्यूयॉर्क हल्ल्यानंतर काही आठवड्यांनी मॅनहॅटनमधल्या ९८८ प्रौढांना विचारलं गेलं. दारू वाढल्याचं सुमारे २५ टक्क्यांनी सांगितलं, सिगारेट वाढल्याचं सुमारे १० टक्क्यांनी. ते युद्ध नव्हतं, पण धास्ती तीच. वाढ झाली, लहानही नाही. तरी बहुतेकांची सवय बदलली नव्हती.

मूळ मेसेज आला असेल तर पुढे पाठवू नका. माझ्याकडून गेला असेल तर तिथे हा खुलासा टाका. रोज पिणाऱ्याने मात्र दारू एकदम तोडू नये, आधी डॉक्टरांना विचारावं.