तर्री गरम आहे तोवर भांडून घ्या

नागपुरात आयटीत नोकरी लागली, की पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी शिकून घ्या: आयटी पार्कजवळ तर्री पोहे कोणाकडे खायचे, आणि ते खाता खाता दुसऱ्याच्या प्रोग्रॅमिंग लँग्वेजला नावं कशी ठेवायची. कोड काय, येतो हळूहळू.

कॉलेजात जी भाषा पहिल्यांदा डोक्यात शिरली, तीच जगात श्रेष्ठ. कारण देत बसू नका. मामाच्या बागेतल्या संत्र्याला कोणी आंबट म्हटलं तर कारणं देता का?

पायथनवाला भेटला की 'लय स्लो आहे बे' एवढंच म्हणा. मोजायच्या भानगडीत मात्र पडू नका. तुमचा स्वतःचा प्रोग्रॅम दिवसभर डेटाबेसच्या उत्तराची वाट बघत बसतो, हे उघडं पडायचं. शिवाय आपण रोज वापरतो तो पायथन सी या जुन्या लँग्वेजमध्ये लिहिलाय, हे सीवाल्याला कळू देऊ नका. तो सीच्या जन्मसालाची, १९७२ची पुण्याई सांगत बसेल.

जावास्क्रिप्टवाल्यासाठी हुकमाचं पान आहे: ब्रेंडन आइकनं १९९५ साली ती १० दिवसांत उभी केली. मग त्याच्यासमोर ०.१ + ०.२ टाइप करा. उत्तर ०.३०००००००००००००००४. हशा पिकला की ताबडतोब लॅपटॉप मिटा, नाहीतर कोणी हेच पायथन आणि जावात करून बघेल आणि तिथंही हेच निघेल. ०.१ बायनरीत, म्हणजे कॉम्प्युटरच्या ०-१च्या आकड्यांत, पुरता मावतच नाही, त्याला भाषा काय करणार? पण असलं बोलणाऱ्याला दुसऱ्या दिवशी पोह्याला कोणी बोलावत नाही. (अनुभव आहे.)

रस्टवाल्याला शोधावं लागत नाही, तो मेमरी सेफ्टी (प्रोग्रॅमनं मेमरीत नको तिथं हात घालू नये, ती काळजी) घेऊन स्वतःच येतो. त्याला बोलू द्या. दम घ्यायला थांबला, की हळूच विचारा, 'प्रोडक्शनमध्ये, म्हणजे खऱ्या गिऱ्हाइकांसमोर, काय आहे भाऊ तुमच्याकडे?' त्यानंतरच्या शांततेत चण्याची तर्री फार छान लागते.

मी स्वतः नऊ वर्षं पीएचपी लिहितो, म्हणजे जिला सगळेच हसतात ती लँग्वेज. लग्नाच्या पंगतीत 'बॅकएंड' म्हणून सांगतो. विकिपीडियासुद्धा पीएचपीवरच चालतो, हे वाक्य पाठ आहे. बोलायची पाळी अजून आलेली नाही.

पैसे देताना यूपीआयचं चक्र गरगरत राहिलं, तर ते कोणत्या लँग्वेजमुळे, यावर लगेच मत द्या. पोहेवाले भाऊ पूर्ण ऐकून घेतात आणि मग विचारतात, 'सुटे नाहीत का, राजे?'