पदर उलटून झाला, आता अवजाराकडे बघू

लग्नसराई आली की आपल्याकडे वाद ठरलेला: पैठणी हातमागाची की पॉवरलूमची, पदर उलटून पाहिलात का, 2010 सालीच भौगोलिक मानांकन मिळालं तरी नकली माल खपतो कसा? वाद खोटा नाही. पण टोकियोत राहून इथली लाकडी ठशांची छपाई पाहिली की जाणवतं, आपण तयार वस्तूवर भांडतो. ती ज्या अवजाराने बनते, त्याची चौकशी कुणी करत नाही.

'एकाच हाताचं म्हणजे अस्सल' हा हट्ट इथे मुळातच नव्हता. चित्रकार होकुसाईने त्याची प्रसिद्ध लाट रेखाटली, लाकूड कोरलं ते होरिशीने, छापलं सुरिशीने, पैसा घातला प्रकाशकाने. पातळ कागदावरचं रेखाटन चेरीच्या फळीवर पालथं चिकटवून त्यावरूनच कोरायचं. फळीच्या कडेला केंतोच्या दोन खाचा, एक काटकोनी, एक सरळ. रंगागणिक फळी बदलते, खाचा मात्र त्याच जागी. कागद तिथे टेकवला की रंग रेषेत बसतो.

अर्थात कागदाने ऐकलं तर. छपाई ओलसर कागदावर होते. मध्येच तो सुकला तर आकसतो, आणि केंतो बिनचूक असूनही ओठांचा लाल गालावर जातो. म्हणून चळत सतत झाकलेली. त्याआधी कागदाला दोसा, म्हणजे सरस-तुरटीचं पाणी, लावलेलं असतं: कमी पडलं तर रंग फुटतो, जास्त झालं तर मुरत नाही. रंगात तांदळाची खळ थोडी पडली की सपाट जागी ठिपके उठतात, जास्त पडली की रंग कडांना साचतो.

आणि हे सगळं ज्यावर अवलंबून, तो बारेन, म्हणजे कागद पाठीमागून घासायची तळहाताएवढी चकती. आत बांबूच्या कोंबावरच्या सालीची पिळलेली दोरी, चकलीसारखी गुंडाळलेली. दोरीच्या पिळाचे उंचवटे रंग कागदात दाबतात. जाड दोरी मोठ्या रंगपट्ट्यांना, बारीक दोरी नाजूक रेषांना. वरचं सालीचं आवरण झिजलं की सुरिशी स्वतः बदलतो. आतली दोरी वळणारे मात्र बोटांवर मोजण्याइतके.

जपानी सरकारने 2007मध्ये या छपाईला 'एदो मोकुहांगा' म्हणून पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला. या छपाईला लागणारा एचिझेन भागातला होशो कागद बनवणारे इवानो इचिबेई यांना 2000 साली 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा कारागिराला मिळणारा सरकारी मान मिळाला. पारंपरिक हस्तकलांच्या त्या यादीत अवजारं आणि कच्च्या मालाचा वेगळा वर्ग आहे. किमोनो रंगवायचे इसेचे कागदी साचे त्यात आहेत. ही सोय मला मानांकनापेक्षा शहाणपणाची वाटते. तरी बारेन त्या वर्गात नाही, ही इथली चूक.

आपल्याकडच्या मानांकनात असा वर्गच नाही. येवल्याच्या विणकराला होलोग्राम, क्यूआर कोड सगळं देऊ पाहतो. त्याच्या मागाची, धागे ओळीत ठेवणारी फणी भरणारा कारागीर मानांकनाच्या अर्जात बसत नाही. तो रकाना आधी छापावा.