एक दाबा, दोन दाबा, गळा दाबा

काल भर दुपारी हडपसरच्या गाडीतळावर उभं राहून मी आमच्याच ऑफिसला फोन लावला. उचलला मीच. "नमस्कार. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. विक्रीसाठी एक दाबा, हिशेबासाठी दोन..." आणि तीनच्या अलीकडे, अगदी खणखणीत, "साहेब, कटिंग का फुल?"

रेकॉर्डिंगच्या वेळी दार लावा म्हणून मी तीनदा ओरडलो होतो. पण बसवणाऱ्या मुलाचं म्हणणं, "राहू द्या सर, नॅचरल वाटतं."

ईपीएबीएक्सची, म्हणजे ऑफिसातले फोन आपोआप जोडणाऱ्या यंत्राची, टूम माझीच, म्हणून बोंबही मारता येत नाही. चार लाइनी, सोळा एक्स्टेंशन. बावीस वर्षं बोर्डावर बसलेल्या काकू शेजारी मेथी निवडत होत्या. मुलगा म्हणाला, "काकू, कुठला फोन कुणाकडे जातो तेवढं सांगा, प्रोग्रॅम करून टाकतो."

काकूंनी जुडी खाली ठेवली. "मालकांच्या सासूबाईंचा आला की लगेच जोडायचा. सासऱ्यांचा आला की साहेब साइटवर."

"नंबर वेगळेत?"

"एकच. पण सासरे आधी खोकतात."

मुलाने लॅपटॉपवर खालीवर करून पाहिलं. "खोकल्याला ऑप्शन नाहीये."

"बरं, ज्यांचे पैसे आपण थकवलेत ते?"

"हिशेबाला. दोन नंबर."

"अरे देवा! त्यांना हिशेबाला कसं जोडशील? त्यांना गुडघे कसे आहेत विचारायचं. दहा मिनिटं गुडघ्यांवर गेली की पैशांचं राहूनच जातं."

"आणि गोडाउनने उचलला नाही तर किती सेकंदांनी पुढे ढकलू?"

"त्याचं जेवण होईस्तोवर थांब की."

मुलाने वीस टाकले.

हे स्वयंचलित एक्सचेंज काढलं कुणी, तर अमेरिकेत कॅन्सस सिटीला अंत्यविधीचा धंदा करणाऱ्या आल्मन स्ट्रोजरने. पेटंट १८९१ चं. म्हणे, तिथली ऑपरेटर बाई धंद्यातल्या दुसऱ्याची बायको होती आणि याची गिऱ्हाइकं परस्पर नवऱ्याकडे जोडायची. म्हणजे तेव्हा निदान मेल्यावर फोन भलतीकडे जायचा.

असो. मला गोडाउन हवं होतं, गाडी निघायच्या आत मालाचं एक चलन बदलायचं होतं. तीन दाबलं. वीस सेकंद. परत मी, परत चहा. वैतागून शून्य दाबलं, ऑपरेटरसाठी. काकू रजेवर, म्हणून शून्य माझ्या एक्स्टेंशनला लावलेलं. आणि बाहेर पडताना माझं एक्स्टेंशन मी मोठ्या शहाणपणाने मोबाइलवर वळवलेलं. इतक्यात दुसरा कॉल वाजला. ऑफिस! चला, कुणालातरी माझी आठवण झाली, म्हणून पहिला होल्डवर टाकून उचलला. "हॅलो? हॅलो?" पलीकडे होल्डवर मीच.

रिक्षावाला आरशातून बघत होता.

शेवटी काकूंच्या मोबाइलवर लावला. चिपळूणला भाचीचा साखरपुडा, मागे सनई. "गोडाउन ना? ठेवा तुम्ही, मी सांगते त्याला." चार मिनिटांत चलन बदललं.

मुलाला फोन केला तर म्हणतो, प्रोग्रॅमिंग एकदाच फुकट, आता व्हिजिटचे सातशे पडतील. सातशे रुपये, एक चहा पुसायला.