पगारपत्रकावरचा देव

वसईच्या माणसाला आपला धर्म कोणाला सांगावा लागत नाही. आडनाव सांगितलं की धर्म कळतो, गाव सांगितलं की धर्मग्राम, म्हणजे कोणत्या चर्चचा माणूस ते, कळतो आणि आळी सांगितली की आपल्या आजोबांनी कोणाच्या वाडीतले नारळ पाडले होते तेही कळतं. त्यामुळे श्टुटगार्टच्या नगरकचेरीत पत्ता नोंदवताना समोरच्या बाईंनी अर्जातल्या 'धर्म' या रकान्यावर पेनाचं टोक ठेवलं, तेव्हा बायको हरखलीच. "बघ, किती आस्थेनं विचारतात!" मी ठळक अक्षरांत रोमन कॅथॉलिक लिहिलं. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, पोर्तुगीज गाशा गुंडाळून गेले, तरी आमच्या घराण्यानं धर्म सोडला नाही. जर्मनीतल्या एका रकान्यापुढे मी कशाला डगमगतो?

महिनाअखेरीला पगारपत्रक आलं. आयकर, पेन्शन, आरोग्यविमा, बेकारीविमा अशी कापाकापीची रांग होतीच. त्या रांगेत एक किर्शेनस्टॉयर, म्हणजे चर्चचा कर, उभा होता आणि वर कोपऱ्यात, राज कपूरच्या स्टुडिओशी काहीही संबंध नसलेली 'आर के' ही दोन अक्षरं होती. रोमन कॅथॉलिक! मी आस्थेनं दिलेलं उत्तर सरकारनं थेट हिशेबाला लावलं होतं.

ऑफिसातल्या जर्मन सहकाऱ्यानं कॉफी पीत समजावलं. १८०३ च्या सुमारास इथल्या राजेरजवाड्यांनी चर्चच्या जमिनी घशात घातल्या. मग चर्च चालणार कशावर? एकोणिसाव्या शतकात राज्यांनी तोडगा काढला, भाविकांनीच कर द्यावा. १९१९ च्या राज्यघटनेत ते कलम आलं आणि १९४९ च्या घटनेनं ते तसंच उचललं. बव्हेरिया आणि आमचं बाडेन-व्युर्टेम्बर्ग इथे आयकराच्या ८ टक्के, बाकी राज्यांत ९. म्हणजे ५०० युरो आयकर असेल तर ४० युरो देवाचे. एक टक्का स्वस्त राज्यात आल्याबद्दल त्यानं माझं अभिनंदन केलं आणि स्वतः पहिल्या पगाराआधीच चर्चमधून नाव काढल्याचंही सांगितलं. नोंदणी कचेरीत जायचं, सही करायची, थोडी फी भरायची, सुटका. सोडायलाही फी लागते, हे ऐकून मला या देशाविषयी पहिल्यांदा खरा आदर वाटला.

ही युक्ती मी घरी मांडली. बायकोनं कणीक मळणं थांबवलं नाही, पण मळण्याचा जोर वाढला. तिनं माझ्याआधीच सगळं वाचून ठेवलं होतं. इथल्या बिशपांनी २०१२ साली फर्मान काढलंय, नाव काढलं की ना ख्रिस्तप्रसाद, ना कोणाच्या स्नानसंस्काराला गॉडफादर म्हणून उभं राहता येणार. "आणि पप्पांना कोण सांगणार?" हा तिचा शेवटचा मुद्दा. रोमपेक्षा तो जड होता.

पप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, कराचं तेवढं कळवलं. देवळाच्या, म्हणजे आमच्या गावच्या चर्चच्या, हिशेबात त्यांचा जन्म गेलेला.

"पावती मिळते ना?"

"पगारपत्रक हीच पावती, पप्पा."

"सणाच्या पुस्तिकेत नाव छापतात?"

"नाही."

"मग देता कशाला?"

बायकोचा हिशेब वेगळा होता. देवळाच्या छताची वर्गणी, सणाची वर्गणी, फादर बदलून चालले की निरोपाची, नवे आले की स्वागताची, त्या स्वागताच्या माईकची. "त्याचे कधी टक्के काढलेस?" नव्हते काढले. पण वसईत वर्गणी मागणारा माणूस ओटीवर बसतो, चहा पितो, आमच्या वाडीतल्या केळीच्या घडाला नावं ठेवतो आणि मग पावतीपुस्तक बाहेर काढतो. त्यात निदान करमणूक तरी असते.

एवढे पैसे भरतोय तर वसूल तरी करू, म्हणून रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, गेलो. देऊळ असं की आमच्या तीन आळ्या आत मावाव्यात, आणि माणसं एका आळीइतकीही नाहीत. २०२२ या एका वर्षात देशभरातून पाच लाखांहून जास्त कॅथॉलिक नाव काढून गेले. त्यातले बरेचसे आमच्याच बाकावरून उठून गेले असावेत. कुठलं गीत म्हणायचं ते कोणी सांगत नाही, भिंतीवरच्या फळीवर नुसते आकडे. लग्नाच्या मांडवात हाऊजीचे नंबर लागावेत तसे ४१४, १४४, ३८०. बायको कानात म्हणाली, "आपली एक ओळ तरी होईल का रे?"

मग वेदीवर फादर आले. केरळचे! इथल्या कितीतरी देवळांत आता भारतीय फादर आहेत. त्यांचं जर्मन मला बहुतेक सगळं कळलं, यात जर्मनपेक्षा केरळचा वाटा मोठा होता. मिस्सानंतर कॉफी होती. एका आजींनी आम्हाला फादरांचे भाऊ-भावजय ठरवून त्यांच्याशेजारी नेऊन उभं केलं. भोवती जर्मन मंडळी कौतुकानं बघत होती, त्यामुळे इंग्रजीत बोलणं बरं दिसेना. तीन भारतीय माणसं मोडक्या जर्मनमध्ये खोबरेल तेल कुठे चांगलं मिळतं यावर बोलत राहिली.

खरी शिस्त मात्र देवळात नव्हती, ती आमच्या जिन्यात होती. इथे केरवोखे नावाचा प्रकार आहे. ज्याच्या दाराला पाटी लटकते, त्यानं त्या आठवड्यात जिना, तळघराची वाट आणि इमारतीपुढचा रस्ता झाडायचा. खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्याच्या कठड्यावरून बोट फिरवतात आणि मग ते बोट उजेडात धरतात. एका रविवारी बायकोनं वाटणासाठी मिक्सर लावला. खोबरं अर्धंही वाटलं गेलं नव्हतं, तोच बाई दारात. रविवार हा विश्रांतीचा दिवस, तुम्ही तर ख्रिस्ती ना? या बाईंनी स्वतः चर्च सोडून कितीतरी वर्षं झालेली. चर्च सोडलं, रविवार मात्र सोडला नाही! श्टुटगार्ट १९६८ पासून मुंबईची भगिनी-नगरी आहे म्हणे. एक बहीण चोवीस तास बोलते, दुसरी रविवारी तोंड उघडत नाही. उरलेलं खोबरं आम्ही किसणीवर किसलं, तेही खिडक्या लावून.

जानेवारीत, तीन राजांच्या सणाच्या सुमारास, बेल वाजली. पुठ्ठ्याचे मुकुट घातलेली मुलं, काठीवर चांदणी, हातात डबा. जगातल्या गरजू मुलांसाठी ती घरोघर पैसे गोळा करतात. डबा धरलेल्या राजानं माझ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि डबा पुढे करावा की आम्हालाच काही द्यावं अशा पेचात तो पडला. बायकोनं नोट टाकली आणि प्रत्येकाच्या हातावर गरम फुगे, म्हणजे आमच्या वसईकडचे तळलेले गोळे, ठेवले. राजांनी खुशीत चौकटीवर खडूनं लिहिलं, सालाचे आकडे आणि मधे सी, एम, बी. घराला आशीर्वाद! व्हिडिओ कॉलवर पप्पा म्हणाले, "मीटर बघायला आला होता काय?"

खडूची भुकटी पायऱ्यांवर सांडली होती आणि पाटी आमच्याच दाराला होती. मी ओलं फडकं घेऊन चौकटीपासून सुरुवात करणार, तोच खालून आरोळी आली. बाई! खडू पुसायचा नाही, पुढच्या वर्षीपर्यंत तो तसाच राहतो. पायऱ्या मात्र आत्ता. जाता जाता त्यांनी विचारलं, ते गोल तळलेलं काय होतं? दोन उरले होते, ते गेले.

पुढे विवरणपत्र भरताना कळलं की भरलेला चर्चचा कर करपात्र उत्पन्नातून वजा होतो. देवाला दिलेल्यातलं थोडं सरकार परत करतं! मी मनातल्या मनात एक चांगली सायकल घेऊनही टाकली. रक्कम खात्यात आली त्याच संध्याकाळी बायकोनं ती वसईला पाठवली. आळीतल्या क्रुसाचा मे महिन्यातला सण, यंदा मांडव मोठा घालायचा होता. पप्पांनी तत्परतेनं पावतीचा फोटो पाठवला. शिक्का, सही, तारीख, सगळं व्यवस्थित.

देणगीदार म्हणून नाव पप्पांचं.

"जर्मन नाहीत हं आपले लोक," बायको म्हणाली, "पुस्तिकेत छापणारसुद्धा आहेत."